ढमीला ठेवायचं की नाही

गल्लीत तिला सगळे कवळीताई म्हणायचे, कारण ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून तिच्या लॅबमध्ये जबड्यांची मापं यायची. त्यावरून ती प्लास्टरचे साचे ओतायची, साच्यावर गुलाबी मेण चढवायची आणि मेणात एकेक दात असा बसवायची की म्हाताऱ्या माणसाला आरशात आपलंच तोंड परत मिळाल्यासारखं वाटावं. दिवसभर दातांत रमणारी ही बाई, पण रस्त्यात एखाद्या कुत्र्याने नुसती जांभई दिली तरी हिच्या पायांतलं बळ जायचं. नवरा बस चालवायचा आणि चेष्टेखोर होता. तो म्हणायचा, "आमच्या हिला कुत्र्याची कवळी चालेल, कुत्रा नाही चालणार."

ती हसायची, पण भीती काही हसण्यावारी जाणारी नव्हती. शाळकरी वयात चेंडू आणायला ती शेजारच्या आवारात शिरली होती. तिथल्या कुत्र्याने तिची पोटरी धरली आणि सोडलीच नाही. ते भुंकलं नाही, गुरगुरलं नाही, नुसतं धरून उभं राहिलं. लांबून बघणाऱ्यांना वाटलं, पोरगी कुत्र्याशी खेळतेय. तेव्हापासून भुंकणारं कुत्रं एक वेळ परवडलं, पण गप्प कुत्रं दिसलं की ती वाट बदलायची. कुठल्या रस्त्याला कोणत्या फाटकात कुत्रं बांधलेलं असतं, याचा सगळा नकाशा तिच्या डोक्यात होता. मुख्य रस्त्यावर औषधांच्या दुकानामागे जनावरांचा दवाखाना होता, म्हणून ती कायम पलीकडच्या फुटपाथवरून जायची.

अशा बाईच्या घरात कुत्रीचा विषय निघाला तो जेवणाच्या टेबलावर.

लेक, चिमी, सातवीत होती. तिच्या चित्रकलेच्या बाई निवृत्त होऊन परगावी मुलाकडे राहायला निघाल्या होत्या. नातवाला केसांची अ‍ॅलर्जी, म्हणून त्यांची पग जातीची कुत्री तिकडे नेता येत नव्हती. "एवढीशी आहे गं आई," चिमी हातांनी माप दाखवत म्हणाली. "भुंकत पण नाही. नाव ढमी. बाई म्हणाल्या, चांगल्या घरी द्यायचीय."

'भुंकत पण नाही' हे ऐकूनच कवळीताईने हातातला घास ताटात परत ठेवला. ती "नाही" म्हणणार, तेवढ्यात टेबलाच्या टोकाकडून आवाज आला.

"पग म्हणजे चपट्या तोंडाची ना?"

सगळे थबकले. बोलले होते ते तिचे सासरे. त्यांनी जन्मभर मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त केल्या आणि स्वतः राहिले बिनलिफ्टच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर. सासूबाई गेल्यापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसले ते जवळजवळ उठलेच नव्हते. जेवायला बोलावलं की यायचे, विचारलं तर हूं म्हणायचे. ऐकूही कमी यायचं. पण हे मात्र त्यांना बरोबर ऐकू आलं होतं.

"हिला फार आवडायची ती तोंडं," ते म्हणाले. हिला म्हणजे सासूबाईंना. "म्हणायची, जन्मतःच रुसलेली दिसतात."

एवढं बोलून ते परत जेवायला लागले. नवऱ्याने बायकोकडे पाहिलं, लेकीने आईकडे पाहिलं. कवळीताईच्या तोंडातला 'नाही' तोंडातच विरघळला. मग तिने आपली एक पळवाट काढली. "बाई जायच्या आधी थोडे दिवस राहू दे आपल्याकडे. आपल्या घराला झेपतं का ते बघू. मग ठरवू."

बाई ढमीला छातीशी धरून जिना चढून आल्या. त्या दिसण्याआधीच ढमीचा श्वास ऐकू आला होता. जिन्यातून करवत चालल्यासारखी घरघर वर येत होती. कवळीताई स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहिली आणि फटीतून बघायला लागली. पिवळसर अंग, काळं तोंड, कपाळावर घड्या, आणि डोळे इतके मोठे आणि बाहेर आलेले की शिंकेसरशी पडतील असं वाटावं. बाईंनी तिला खाली ठेवलं. ती भुंकली नाही. खोलीभर फिरली, प्रत्येकाचे पाय हुंगले आणि थेट स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसली. फटीत नाक घालून ती कवळीताईकडे बघत राहिली.

बाहेर बाई समजावत होत्या. "हिचं नाक आखूड, त्यामुळे श्वास पुरत नाही. उन्हात बिलकूल न्यायची नाही. जिना उतरवायचा नाही, चढवायचा नाही, उचलून न्यायची. दमली की लगेच थांबायचं." चिमी ऐकत होती. सासरे मान डोलवत होते. त्यांची ती मान कवळीताईला पक्की ठाऊक होती. ऐकू आलं नाही की ते अशीच डोलवायचे, म्हणजे कुणी पुन्हा सांगायच्या भानगडीत पडत नसे. नंतर बाबांना हे नीट मोठ्याने सांगायला हवं, असं तिच्या मनात आलं. पण त्यासाठी दार उघडून बाहेर जायला हवं होतं, आणि दाराशी ढमी होती. ते सांगायचं राहिलं ते राहिलंच.

मग सुरू झाले ते दिवस कवळीताईच्या आयुष्यातले फार वाईट. ढमी स्वभावाने गरीब होती, सावलीलाही चावली नसती. पण तिला कोण जाणे कसा, या एकाच माणसाचा लळा लागला. कवळीताई न्हाणीघरात गेली की ती बाहेर पायपुसण्यावर बसून राही. कवळीताई खुर्चीवर बसली की हिचं थंड नाक टाचेला लागे, आणि ती शॉक बसल्यासारखी उडे. ती घरातल्या घरात स्टुलावर पाय घेऊन भाजी चिरायला लागली. एका दारातून आत, दुसऱ्यातून बाहेर, मधली दारं बंद, अशी तिची चाल झाली. लॅबमध्ये गेल्यावर तिला सुटल्यासारखं वाटायचं, आणि संध्याकाळी जिना चढताना शेवटच्या वळणावर पाय जड व्हायचे. दारापलीकडून घरघर ऐकू यायची. ढमी झोपेत असा काही घोरायची की बसवाल्याने हात टेकले. "आमचं जुनं इंजिन बरं होतं," तो म्हणाला.

पण घरात आणखी एक गोष्ट घडत होती, आणि ती कवळीताईला दिसत होती. सासरे खुर्चीतून उठत होते. ढमीचं पाण्याचं भांडं भरायला उठत, खिडकीचा पडदा सारायला उठत. एकदा लॅबमधून आली तर आतून बोलण्याचा आवाज. कोण आलंय म्हणून बघते, तर सासरे ढमीला सांगत होते, "अगं, लिफ्टचा दोर कधी एकदम तुटत नाही. आधी कुरकुरतो. ज्याला कान असतात त्याला कळतं." ढमी कपाळाच्या घड्या आणखी आवळून ऐकत होती. कवळीताई दारातच थांबली. एवढं मोठं वाक्य त्यांच्या तोंडून तिने वर्षभरात ऐकलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी तिला नवी भीती भेटली. सासरे काठी टेकत न्हाणीघराकडे निघाले आणि ढमी त्यांच्या पायांत घोटाळली. ती एवढीशी, पिवळसर, आणि फरशीही तशाच रंगाची. सासऱ्यांना ती दिसली नाही. काठी सटकली, ते भेलकांडले, आणि भिंतीला हात टेकून कसेबसे सावरले. ढमी केकाटून बाजूला झाली. "काही नाही, काही नाही," ते म्हणाले. पण भिंतीवर टेकलेला त्यांचा तो हात कवळीताईच्या डोळ्यांसमोरून हलेना.

नवरा ड्युटीवरून आल्यावर तिने त्याला बाजूला घेतलं. "मला भीती वाटते."

"ती तर तुला नेहमीच वाटते," तो बूट काढत म्हणाला.

"तशी नाही. बाबा पडतील. नाहीतर तिच्या अंगावर पाय पडेल त्यांचा. आणि तिचा तो श्वास..."

"हे बघ," तो मऊ आवाजात म्हणाला, "बाबा बोलायला लागलेत. मी त्यांचा मुलगा, माझ्याशी बोलत नाहीत, पण तिच्याशी बोलतात. तू जरा दम धर. सवय होईल तुला."

त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते इतकंच, की जन्मभर भीत आलेल्या माणसाची एखादी भीती खरी असली तरी तिच्याकडे कुणी वळून बघत नाही. आणि कवळीताईला स्वतःलाही कुठे खात्री होती? खरंच बाबांची काळजी वाटतेय, की ही कुत्री घरातून जावी म्हणून मन कारणं शोधतंय, हे तिचं तिलाच उमगत नव्हतं.

त्यानंतर ऊन वाढलं. डांबर मऊ पडावं असं ऊन. एका दुपारी ती जेवायला घरी आली. शेवटच्या वळणावर सवयीप्रमाणे थांबली, कान दिला. घरघर ऐकू आली नाही. आज झोपली असेल, असं म्हणून ती वर गेली, आणि बघते तर दार उघडं.

"बाबा?"

खुर्ची रिकामी. काठी नाही. दाराच्या खुंटीवरची ढमीची दोरी नाही. न्हाणीघर रिकामं, गॅलरी रिकामी. तिने दोनदा सगळ्या खोल्या पाहिल्या, पलंगाखालीसुद्धा पाहिलं, जणू सासरे पलंगाखाली मावणार होते. वर्षभरात जो माणूस जिन्यापर्यंत गेला नाही, तो आज चार मजले उतरून, कुत्री घेऊन, या उन्हात बाहेर पडला होता.

ती जिना उतरली तेव्हा प्रत्येक वळणावर तिला ते पडलेले दिसत होते. एक पाय वाकडा, चष्मा फुटलेला. वळण ओलांडलं की जिना रिकामा असायचा, आणि तिला हायसं वाटायच्या आधीच पुढचं वळण यायचं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. दुकानांची शटरं खाली ओढलेली. कुठे गेले असतील? पूर्वी सासू-सासरे दोघं संध्याकाळी बागेत जायचे, हे तिला एकदम आठवलं, आणि ती बागेच्या दिशेने पळत सुटली.

बागेच्या भिंतीला लागून बसायचा कट्टा होता. सासरे कट्ट्यावर बसले होते. तोंड लालबुंद, शर्ट अंगाला चिकटलेला. डोक्यावरची टोपी त्यांनी हातात घेतली होती आणि ते टोपीने वारा घालत होते. स्वतःला नाही. खाली फरशीवर ढमी आडवी पडली होती, चारी पाय ताणून. तिची जीभ बाहेर लोळत होती आणि तिचा रंग राखाडी-जांभळा झाला होता. घरघर नव्हतीच. प्रत्येक श्वासाला नुसतं पोट आत ओढलं जात होतं आणि घशातून बारीक शीळ येत होती.

"छान चालत होती," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "एकदम बसली. मला वाटलं, हट्ट करतेय. मी ओढलं तिला, सूनबाई. मी ओढलं."

"बाबा, तुम्हाला काय होतंय? छातीत दुखतंय?"

"मला काय धाड भरलीय! तिला ने! तिला ने आधी!"

पण त्यांना उठता येत नव्हतं. त्यांना असं टाकून जायचं? आणि नाही गेलं तर? मग तिने बागेच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला एवढ्या जोराने हाक मारली की तो डुलकीतून दचकून उठला आणि खुर्चीसकट धावला. "यांना सावलीत बसवा. पाणी द्या, घोटघोट. डोळे फिरवले तर कुणालातरी बोलवा. मी आलेच."

आता कुत्रीला उचलायचं राहिलं होतं.

तिने हात पुढे केले आणि मागे घेतले. परत पुढे केले. पोटरीवरचा जुना वण आतून कुणी आवळल्यासारखा झाला. गप्प कुत्रं. अगदी गप्प. डोळे उघडे, आणि तिच्याकडेच लागलेले. "बघू नकोस माझ्याकडे," कवळीताई तिला म्हणाली, "बघू नकोस गं बाई," आणि तिने डोळे गच्च मिटून तिला पोटाखालून धरलं आणि उचललं. ढमी भलतीच जड निघाली आणि तव्यासारखी तापलेली. मुंडकं खांद्यावर पडलं. उघडं तोंड, ओले दात, सगळं कवळीताईच्या मानेला लागलं, आणि ती तशीच पळायला लागली.

दवाखाना कुठे आहे हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. इतकी वर्षं ज्याला वळसा घालत आली, ते दार तिला झोपेतही सापडलं असतं. आत बाकांवर माणसं आपापली जनावरं घेऊन बसली होती. एक तर वासराएवढा काळा कुत्रा होता. त्याच्या नाकावरून पदर जावा एवढ्या जवळून ती पुढे गेली आणि आतलं दार खांद्याने ढकललं. "हिला श्वास येत नाहीये," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, आणि शांत. त्यांनी ढमीला टेबलावर घेतलं, पोटावर आणि पंजांवर पाणी ओतलं, पंखा वळवला, नाकातोंडापुढे प्राणवायूची नळी धरली. एक हात कमी पडत होता. "तुम्ही धरा," त्या म्हणाल्या. "घशात लाळ साचलीय, ती या फडक्याने काढत राहा. बोटं आत घाला. घाबरू नका, चावायचं त्राण नाही तिच्यात."

घाबरू नका म्हणे! तरी तिने बोटं आत घातली. चिकट, गरम लाळ. आत दात दिसले. तिने आयुष्यात पहिल्यांदाच जिवंत कुत्र्याचे दात इतक्या जवळून पाहिले. आखूड जबड्यात जागाच नव्हती. ते एकमेकांवर चढलेले, तिरके, काही आडवे आलेले, जसे गर्दीत माणसं अंग चोरून उभी राहतात तसे. एवढ्याशा तोंडात दात मावेनात, तिथे श्वास कुठून मावणार, असं तिच्या मनात आलं. ती पुसत राहिली. श्वास, शीळ, पोट आत. श्वास, शीळ. एकदा मधेच काही आलं नाही, आणि कवळीताईने स्वतःचाही श्वास धरला. डॉक्टरीणबाई सुई भरत होत्या. मग पोट पुन्हा हललं.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. जीभ हळूहळू जांभळ्याची गुलाबी झाली. घरघर परत आली. ज्या आवाजाला ती जिन्यात थांबून घाबरायची, तो आवाज ऐकून ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली. मग सासरे आठवले आणि तशीच उठली.

सासरे ठीक होते. पहारेकऱ्याने त्यांना आपल्या खोलीत पंख्याखाली बसवलं होतं. तिला रिकाम्या हातांनी येताना पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

"आहे, बाबा, आहे," ती लांबूनच ओरडली. "वाचली!"

म्हाताऱ्याने टोपी तोंडावर धरली आणि बराच वेळ काढली नाही.

संध्याकाळी नवरा आणि ती मिळून ढमीला आणायला गेले. डॉक्टरीणबाईंनी घराची चौकशी केली. कितवा मजला, दिवसा घरी कोण, उचलून वर-खाली नेणारं कोण. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "कुत्री गुणी आहे आणि तुम्ही माणसं चांगली आहात. पण या जातीचं कुत्रं लोक लहान आकार बघून घेतात आणि फसतात. लहान म्हणजे सोपी नव्हे. हिला गारवा लागतो, तळमजला लागतो, आणि हिला उचलू शकेल असं माणूस दिवसभर लागतं. आज झालं ते परत होऊ शकतं. ठेवायची की नाही, ते तुम्ही ठरवा."

घरी येऊन कवळीताई म्हणाली, "नको ठेवायला."

चिमी उसळलीच. "मला माहीतच होतं! तुला पहिल्यापासून नकोच होती! भित्री कुठली! आता निमित्त मिळालं तुला!"

"चिमे!" बाप ओरडला. पण त्याचाही चेहरा सांगत होता की लेक बोलली ते त्याच्या मनातलंच. सासरे खुर्चीत जाऊन बसले होते, खिडकीकडे तोंड करून, पहिल्यासारखे. आणि कवळीताईला सगळ्यात मोठी भीती तेव्हा वाटली. दुपारची सुद्धा त्यापुढे काही नव्हती. हा माणूस आता परत उठलाच नाही तर? आणि तो माझ्या एका शब्दाने बसला तर? आणि तो शब्द माझा नसून त्या जुन्या आवारातल्या शाळकरी पोरीचा असला तर?

ढमी कोपऱ्यात ओल्या टॉवेलवर पडली होती. कवळीताई गेली आणि तिच्याजवळ फरशीवर बसली. मुद्दामच बसली. ढमी उठली, डुगडुगत आली आणि तिच्या मांडीवर मुंडकं टेकून पडली. कवळीताईच्या हातांना घाम सुटला होता. ती उठली नाही. तिने तळवा ढमीच्या पाठीवर ठेवला आणि तसाच ठेवला. घरघर तळव्यातून वर आली. हिचा लळा लागलाय आपल्याला, हे तिला त्या घटकेला कळलं, आणि त्याचा तिला भयंकर राग आला. मग तिने स्वतःला पुन्हा विचारलं. भीती बाजूला ठेव, लळा बाजूला ठेव. चौथा मजला, रिकामी दुपार, बाबांचे पाय. उत्तर बदललं नाही.

"मला तिची भीती वाटते, हे खरं आहे," ती चिमीला म्हणाली. "आत्ताही वाटतेय. हात लावून बघ, कसा गार पडलाय. पण ही इथे मरेल गं. आपल्या सगळ्यांच्या मायेत मरेल. आणि मरेल तेव्हा घरात आजोबा एकटे असतील."

चिमी रडायला लागली. त्यावर खुर्चीतून आवाज आला. सासऱ्यांनी तोंड वळवलं नव्हतं.

"तुझी आई बरोबर बोलतेय. ढमी माझ्या हातून गेली असती. ओढत होतो मी तिला. कट्ट्यावर बसलो होतो ना, तुझी आजी गेली तेव्हासुद्धा एवढा भ्यालो नव्हतो. तेव्हा निदान डॉक्टर होते." मग म्हणाले, "चांगल्या घरी द्या. जवळपास."

बाईंना कळवल्यावर त्या रागावल्या नाहीत, उलट ढसढसा रडल्या आणि आभार मानले. त्यांच्याच ओळखीतून वाचनालयात काम केलेलं एक जोडपं मिळालं. दोघंही आता घरीच असत. तळमजला, मागे झाडांचं अंगण, फरशी अशी गार की ढमी पहिल्या दिवशीच पोट टेकून पसरली ती उठेचना. घर बागेच्या पलीकडे होतं, फार लांब नाही.

पण गोष्ट लगेच गोड झाली असं नाही. चिमी कितीतरी दिवस आईशी कामापुरतंच बोलायची. सासरे खिडकीतच असायचे. ढमीचं पाण्याचं भांडं तेवढं त्यांनी कुणाला उचलू दिलं नाही, ते भिंतीशी कोरडंच पडून होतं. लॅबमध्ये मेणात दात बसवताना कवळीताईचा हात मधेच थांबायचा. चुकलं का माझं? हा प्रश्न जिना चढताना तिच्याबरोबर चढायचा, आणि वर गेल्यावर आत शांतता असायची.

शेवटी तीच एका सकाळी, ऊन चढायच्या आत, सासऱ्यांसमोर जाऊन उभी राहिली आणि मोठ्याने, ऐकू जाईल असं म्हणाली, "बाबा, चला. ढमीला बघून येऊ."

"एवढे जिने," ते म्हणाले.

"मी आहे ना पुढे. तुम्ही कठडा धरा."

ते उतरले. ती एक पायरी पुढे, तोंड वर करून, उलटी उतरत होती, ते पडले तर आपल्यावर पडावेत म्हणून. तिची मान अवघडली. अंगणात पोचल्यावर ढमीने म्हाताऱ्याला ओळखलं, आणि असा काही दंगा केला की वाचनालयवाल्या बाईंना तिला उचलून दम खायला लावावं लागलं. सासरे अंगणातल्या बाकावर बसले. ढमी त्यांच्या बुटांवर बसली. ते तिच्याशी आणि मग त्या घरच्या काकांशी बोलायला लागले.

तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा तरी जाणं होतं. सुट्टीच्या दिवशी चिमी नेते. ती आता आईशी बोलते, भांडतेही पूर्वीसारखी. कवळीताई सोबत असली की अंगणाच्या फाटकाशी जरा थांबते, श्वास घेते, मग आत पाऊल टाकते. दवाखान्यासमोरून अजूनही ती पलीकडच्या फुटपाथवरूनच जाते. परवा नवऱ्याने तिला तिथे पाहिलं आणि बसच्या खिडकीतून हसत हाक मारली, "अगं, आता कशाला घाबरतेस?"

"तू पुढे बघून चालव," ती म्हणाली, आणि तशीच पलीकडून गेली.